सशाची साक्ष

आमच्या वडवणी भागात बैल घेणारा माणूस आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतो. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलाय. मग पाठीवरून हात फिरवतो, खूर बघतो, अंगावरचे भोवरे शोधतो. भोवरा वाईट जागी निघाला तर किंमत पडते, बैलाचा त्यात काही गुन्हा नसला तरी. पण एवढ्यावर व्यवहार होत नाही. शेवटी तो म्हणतो, जुंपून बघू. बैल औताला नाहीतर गाडीला धरतात, थोडा चालवतात आणि मगच पैसे मोजतात.

म्हणजे इथं दोन परीक्षा असतात. एक डोळ्यांची, दुसरी कामाची. पहिलीत काही चूक झाली तर दुसरी ती उघडी पाडते. कुत्र्यांच्या प्रदर्शनात ही दुसरी परीक्षाच नसते. रिंगणात कुत्र्याला चालवतात, पळवतात, पण त्यातही बघायची असते ती चालण्याची ढब. डोकं कसं, छाती किती खोल, शेपूट कुठं वळते, हे सगळं जातीच्या लिखित वर्णनाशी ताडून परीक्षक क्रमांक लावतो. गेली काही वर्षं मी अशी प्रदर्शनं बघतोय. मांडव, ट्रॉफ्या, सूत्रसंचालन यांत सुधारणा कशी करायची यावर आयोजक खूप बोलतात. मला मात्र त्याच्या आधीचा प्रश्न सतावतो. चांगला कुत्रा कोणता, हे कुणी आणि कशावरून ठरवायचं?

हा प्रश्न शहरातल्या हौशी लोकांचा वाटेल, पण तसं नाही. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथं घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार असतो आणि जिल्हा परिषदेच्या वतीनं अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शन होतं. खंडोबासोबत कुत्रा असतोच. त्याचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रेच मानतात. अशा देवाच्या दारात कुत्र्यांची स्पर्धा व्हावी यात नवल नाही. तिथं दिमाखात उभा असतो तो आपला कारवान. लांब तोंड, खोल छाती, पोट आत ओढलेलं, पाय काठीसारखे. ज्याच्या अंगावर रेशमी लांब केस असतात त्याला पश्मी म्हणतात. मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र आणि लगतच्या कर्नाटकात हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला गेला तो तांड्यांवर, वाड्या-वस्त्यांवर आणि शेतातल्या आखाड्यांवर. कागदपत्रं, वंशावळीचं प्रमाणपत्र, काही नसताना.

याच कुत्र्याचं दुसरं नाव मुधोळ. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही पैदास जोपासली आणि पाचव्या जॉर्ज राजाला पिल्लांची जोडी भेट दिली असं सांगतात. २००५ साली टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यातला एक मुधोळ होता. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याला कारवान हाउंड म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. एका नावात फिरत्या माणसांचा काफिला आहे, दुसऱ्यात संस्थान. कुत्रा कुणाचा, हा वाद नावापासूनच सुरू होतो.

एका प्रदर्शनात निकाल लागल्यावर बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्या धनगर बाबांना मी विचारलं, "बाबा, तुम्हाला पटला का नंबर?" ते म्हणाले, "कुत्रं चांगलं का वाईट ते ससा सांगत आसतो. सायेब काय सांगणार?"

या वाक्यात अख्खं तत्त्वज्ञान आहे. अ‍ॅरिस्टॉटल म्हणायचा की एखादी गोष्ट चांगली की वाईट हे तिच्या कामावरून ठरतं. सुरीचं चांगलेपण कापण्यात आहे. कारवानचं चांगलेपण माळरानावर सशामागे सुटण्यात होतं. तिथं वशिला चालत नव्हता. ससा हातचा निसटला की कुत्र्याचा मालक पाटील आहे की सालगडी, याला काही अर्थ नव्हता.

पण आता सशाची साक्ष बंद झाली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. माळ कमी झाले, ससेही कमी झाले. कुत्र्याची परीक्षा व्हावी म्हणून दुसऱ्या जीवानं मरावं, असा हट्ट कुणी धरू नये. पण यातून एक विचित्र अवस्था निर्माण झाली. कुत्रा उरला, त्याचं काम गेलं. साक्षीदार गेल्यावर निकाल देणारा एकटा साहेब उरला. ज्या प्रदर्शनाला आपण एक दिवसाची करमणूक समजतो, त्याच्यावर आता एका अख्ख्या जातीचं भवितव्य टेकलेलं आहे.

साहेब एकटा उरला की काय होतं, हे कळायला फार दूर जावं लागत नाही. प्रदर्शनांचा इतिहास सुरू होतो तिथंच ते दिसतं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथं जून १८५९ मध्ये भरलेलं प्रदर्शन हे आधुनिक पद्धतीचं पहिलं मानलं जातं. साठच्या आसपास कुत्रे, दोनच गट, पॉइंटर आणि सेटर. पॉइंटर गटात पहिला आला तो सेटर गटाच्या एका परीक्षकाचा कुत्रा, आणि सेटर गटात पहिला आला तो पॉइंटर गटाच्या एका परीक्षकाचा. आपल्याकडं तालुक्याच्या कुठल्याही स्पर्धेत असं झालं असतं तर लोक हसले असते आणि म्हणाले असते, अहो, हे तर आमच्याकडचंच!

पुढं १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. त्याच वर्षी वेल्समधल्या बाला गावी मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा झाली. एकाच वर्षी दोन वाटा फुटल्या. एका वाटेवर कुत्रा दिसतो कसा हे महत्त्वाचं, दुसरीवर तो मेंढरं कशी हाकतो हे. मेंढ्या वळणारा बॉर्डर कॉली बराच काळ दुसऱ्या वाटेवरच राहिला. अमेरिकन केनेल क्लबनं १९९५ मध्ये त्याला प्रदर्शनाच्या जातींत घेतलं, तेव्हा मेंढपाळांच्या संघटनांनीच विरोध केला. आमच्या कुत्र्याला मान देऊ नका, असं म्हणणारी माणसं वेडी नव्हती. दिसण्याला बक्षीस मिळू लागलं की पैदास दिसण्यासाठीच होणार, हे त्यांना कळत होतं.

थोडा हिशेब करू. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते. एका वेताला सरासरी सहा पिल्लं धरा. विजेत्या नराला महिन्याला दोन माद्या दाखवल्या तर वर्षाला २४ वेत, म्हणजे १४४ पिल्लं. तीन वर्षांत चारशेच्या वर. इन्स्टाग्रामवर 'बाप चॅम्पियन' अशी जाहिरात तुम्ही पाहिली असेल. पुढं याच चारशेतली सावत्र भावंडं एकमेकांना लावली जातात आणि बापात लपलेला दोष नातवंडांत उघडा पडतो. म्हणून परीक्षक जेव्हा एका नराच्या गळ्यात पट्टा घालतो, तेव्हा तो त्या कुत्र्याचं कौतुक तर करतोच, शिवाय अजून न जन्मलेल्या शेकडो पिल्लांची शरीरं कशी असावीत हे ठरवत असतो. त्या पिल्लांना कुणी विचारलेलं नाही. मला यातला खरा नैतिक प्रश्न हा वाटतो.

हे नुसतं भय नाही. २००८ मध्ये बीबीसीनं एका माहितीपटात दाखवलं की प्रदर्शनं जिंकणाऱ्या कित्येक जातींमध्ये आनुवंशिक आजार भरले आहेत. त्यानंतर क्रफ्ट्स या जगप्रसिद्ध प्रदर्शनाचं प्रक्षेपण बीबीसीनं थांबवलं. २०१२ मध्ये क्रफ्ट्सनं पंधरा जोखमीच्या जातींतल्या विजेत्यांची पशुवैद्यांकडून तपासणी सुरू केली, तेव्हा सहा विजेते नापास झाले. त्यात बुलडॉग होता, पेकिनीज होता. आपापल्या जातीतला सर्वोत्तम ठरलेला कुत्रा निरोगीपणाच्या परीक्षेत उतरत नाही, यातली विसंगती बघा. तिथं कुणी दुष्ट नव्हतं. तोंड जरा आखूड हवं, असं एका पिढीनं म्हटलं, पुढच्या पिढीनं अजून जरा म्हटलं आणि शेवटी कुत्र्याला श्वास घेणं जड झालं.

कारवानचं अजून तसं झालेलं नाही. तो आज चपळ आहे तो सशाच्या कृपेनं. पण उद्या परीक्षकांना अजून उंच, अजून बारीक, अजून लांब तोंडाचा कारवान आवडू लागला, तर त्याला अडवणारं कुणी नाही. दहा-बारा पिढ्यांनंतर आपल्या हातात कारवानसारखा दिसणारा एक कुत्रा असेल, आणि त्याला माळावर सोडलं तर तो धापा टाकत बसेल.

मग प्रदर्शनं बंदच करावीत का? काही प्राणिप्रेमी तसं म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण झटकून टाकता येत नाही. पण मी माळेगावात तांड्यावरची पोरं पाहिलीत. वर्षातले पाच-सहा महिने आईबापांसोबत ऊसतोडीच्या फडावर, कोपीत काढणारी. त्यांच्या कुत्र्यासमोर एक शिकलेला साहेब वाकतो, त्याला हात लावतो, त्याच्याबद्दल दोन शब्द बोलतो. त्या पोराच्या घराण्यानं जे ज्ञान कागदाविना जपलं, त्याला मान देणारी जागा आपल्याकडं दुसरी नाही. ती जागा काढून घेतली तर पैदास थांबणार नाही. ती पैसेवाल्यांच्या फार्महाउसवर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाईल. म्हणून मला प्रदर्शन हवं आहे, पण त्यात जुंपून बघण्याची सोय हवी आहे.

ती कशी करता येईल? पहिली गोष्ट, पळणं. यंत्रानं दोरी ओढून तिला बांधलेली प्लास्टिकची पिशवी जमिनीवरून वेड्यावाकड्या वळणांनी पळवतात आणि कुत्रे तिच्यामागे सोडतात. हा खेळ परदेशात रुळलेला आहे. यात ससा मरत नाही, साक्ष मात्र मिळते. जो कुत्रा पळू शकत नाही, पळून आल्यावर ज्याचा दम लवकर खाली बसत नाही, त्याला सौंदर्याचं बक्षीस देऊ नये. दुसरी, तपासणी रिंगणात जाण्याआधी व्हावी, नंतर नव्हे. हृदय, सांधे, डोळे, आणि रेबीजच्या लसीचा दाखला. तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाना असतोच.

तिसरी, परीक्षक. त्याचा, त्याच्या नातेवाइकाचा किंवा त्यानं विकलेला कुत्रा त्या दिवशी रिंगणात नसावा, आणि हे त्यानं आधी लेखी द्यावं. एका गावच्या प्रदर्शनात पहिला नंबर आयोजकाच्या मेहुण्याला गेला, तेव्हा कुणीच काही बोललं नाही. पुढच्या वर्षी निम्मे लोक आले नाहीत, एवढंच. निकाल देताना परीक्षकानं माइकवर, मराठीत, कारण सांगावं. 'याची छाती खोल आहे, पण मागचे पाय फाकतात.' कारण सांगावं लागलं की मनमानीला चाप बसतो आणि हरलेला माणूसही काही शिकून घरी जातो.

चौथी, एकच पहिला नंबर काढण्यापेक्षा श्रेणी द्यावी. उत्तम असलेले सात कुत्रे असतील तर सातही उत्तम. मग सगळ्या माद्या एकाच नराकडं जाणार नाहीत. आणि एक बक्षीस दहा वर्षांच्या पुढच्या, धड चालणाऱ्या कुत्र्याला द्यावं. निरोगी म्हातारपणाएवढा खरा दाखला कुठल्याच कागदावर मिळत नाही. पाचवी, देशी जातींची नोंदवही उघडी राहावी. बापाची वंशावळ नाही म्हणून तांड्यावरचा कुत्रा बाहेर काढला, तर ज्यांनी जात जपली तेच परके ठरतात, आणि जातीचं रक्तही आटत जातं. आणि हे सगळं सकाळी दहाच्या आत आटपावं. पाहुण्यांच्या भाषणांसाठी कुत्री उन्हात बांधून ठेवणाऱ्यानं श्वानप्रेमावर बोलू नये.

यात एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पळणं मोजा म्हटलं की लोक पळण्यासाठीच पैदास करतील, आणि त्यातून वेगळे दोष निघतील. शर्यतीच्या ग्रेहाउंडांचे हाल जगानं पाहिले आहेत. कुठलंही एक माप हातात आलं की माणूस त्या मापासाठी जीव घडवायला लागतो. म्हणून मापं अनेक हवीत, एकमेकांना धरून ठेवणारी. आणि सगळी मापं लावून झाल्यावरही काहीतरी मापाबाहेर राहतं, हे भान हवं.

ते भान आपल्या मातीत आहे. संत नामदेवांची कथा लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. कुत्र्यानं भाकरी पळवली, तर कोरडी खाऊ नको म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. ते कुत्रं कुठल्या जातीचं होतं, हे कथेत कुठंच येत नाही. फडावर कोपीपाशी रात्रभर जागणारं गावठी कुत्रंही कुठल्या वर्णनात बसत नाही. ते असल्यामुळं आत लेकरं निवांत झोपतात.

कारवान जपायचा तो देखणा आहे म्हणून, आपल्या भागाचा आहे म्हणून, हे मला मान्य आहे. पण जपायचं म्हणजे त्याला आपल्या आवडीच्या साच्यात ओतायचं, असा अर्थ आपण लावू नये. पुढच्या यात्रेत ज्याच्या हातात गुणपत्रिका असेल, त्यानं नंबर लिहिण्याआधी स्वतःला एवढंच विचारावं: याच्यासारखी चारशे पिल्लं झाली, तर त्यांना त्यांचं शरीर सुखाचं वाटेल का?