आधी मूळ, मग कोंब
सामान्य काळातील अकरावा रविवार (मार्क 4:26-34)



शाळेत मुले काचेच्या पेल्यात ओल्या टिपकागदाला लावून मूग रुजत घालतात. बी फुगते, साल फाटते, आधी मूळ खाली जाते. कोंब मागाहून वर येतो. काचेतून हे दिसते, मातीत दिसत नाही. मग एखादे मूल रोज उकरून पाहते आणि बी वाया जाते.

आपला मावळचा शेतकरी असे करत नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली आलेल्या इंद्रायणी भाताचे बी तो मिठाच्या पाण्यात टाकतो, तरंगणारे पोचट दाणे काढतो, उरलेले धुऊन पेरतो आणि धीर धरतो. प्रभू येशूच्या दाखल्यातला पेरणाराही रात्री निश्चिंत झोपतो.

आपण मात्र मुलांना रोज उकरतो. गुण किती? शेजारच्याला किती? प्रार्थनेत लक्ष का नाही? पालकांनो, पाणी घालणे थांबवू नका : घरची रोजची प्रार्थना, मायेचा शब्द, आपले स्वतःचे वागणे. उकरणे तेवढे थांबवा. वाढवणारा देव आहे.

या आठवड्यात मुलांसोबत एक बी रुजत घाला आणि मिळून वाट पाहा.