देव निर्णय का सांगत नाही?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

सातशे श्लोकांची गीता संपत आली आहे. सांगायचं ते बहुतेक सांगून झालंय. आता भगवंत सरळ आज्ञा देतील असं आपल्याला वाटतं. पण इथे ते अर्जुनाला म्हणतात, सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. प्रत्यक्ष देव समोर उभा आहे आणि निर्णय भक्ताच्या हातात देतोय!

सध्या ॲडमिशनचे दिवस आहेत. सत्संगातल्या एका मुलीपुढे दोन दारं उघडी आहेत. एक पवईचं आयआयटी मुंबई, तिथे मेकॅनिकल. दुसरं बंगळुरूचं आयआयएससी, तिथे चार वर्षांचा विज्ञानाचा संशोधनाधारित अभ्यासक्रम. तिने विचारलं, "दादा, देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकू का?"

चिठ्ठी टाकण्यात भाव असतो, मान्य. पण बऱ्याचदा त्या भावामागे भीती लपलेली असते. उद्या पस्तावायची वेळ आली तर म्हणता यावं, मी नाही, देवाने निवडलं होतं. म्हणजे आपण देवाला शरण जात नाही, त्याला जामीन ठेवतो.

इथे पाप-पुण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही संस्था नामांकित आहेत, दोन्हीकडे सेवा आणि साधना होऊ शकते. मग अडतं कुठे? बहुतेक वेळा नावापाशी. नातेवाइकांना कुठलं नाव सांगताना छाती फुगेल, तिथे. म्हणून आधी दोन्ही नावं झाका आणि रोजचा दिवस बघा. आयआयटीत शाखा प्रवेशाच्या वेळीच ठरते. पहिल्या दिवसापासून तुम्ही इंजिनिअर होण्याच्या वाटेवर असता. आयआयएससीत सुरुवातीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी असं सगळंच शिकायचं, मुख्य विषय नंतर निवडायचा आणि शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प करायचा. कोणी कौतुक करायला नसेल, मार्क कमी पडले असतील, तेव्हाही यातलं कुठलं काम मनापासून करावंसं वाटेल? आपला स्वभाव ओळखणं म्हणतात ते हेच. आणि घरची परिस्थिती, आई-बाबांची काळजी हासुद्धा त्या 'नीट विचारा'चाच भाग आहे.

कोणी म्हणेल, मग शरणागतीचं काय? तीनच श्लोक पुढे जा. ६६व्या श्लोकात भगवंत म्हणतात, मला एकट्याला शरण ये, शोक करू नकोस. आणि ७३व्या श्लोकात अर्जुन स्वतःच्या तोंडाने सांगतो, माझा मोह गेला, आता तुझं म्हणणं करीन. हा क्रम लक्षात घ्या: आधी विचार, मग शरणागती, मग कृती. शरणागती विचाराच्या जागी येत नाही, विचारानंतर येते. निर्णय आपण घ्यायचा आणि त्याच्या फळाची भीती त्याच्या पायाशी ठेवायची.

जोसाच्या कौन्सेलिंगमध्ये 'फ्लोट' नावाचा पर्याय असतो. मिळालेली जागा धरून ठेवायची, पण वरची मिळाली तर ती हवीच. शेवटच्या फेरीत तो पर्याय उरत नाही. मन मात्र पुढची चार वर्षं फ्लोटवरच राहू शकतं: पवईत बसून बंगळुरूचे फोटो बघायचे, बंगळुरूत बसून पवईचे. जे सोडलं त्याला मनातूनही सोडणं, हा त्यागच आहे. आणि अठराव्या अध्यायाची सुरुवात त्यागाच्याच प्रश्नाने होते, बरं का!

आजची साधना: अडलेला एक निर्णय घ्या. कागदावर लिहा, माझा स्वभाव काय, माझी कर्तव्यं काय, आणि यात केवळ नावाची हौस किती. मग पाच मिनिटं नामस्मरण करा आणि ठरवा.

प्रार्थना: हे माधवा, बुद्धी तूच दिलीस, ती वापरायचं धैर्यही दे. निवडलेल्या वाटेवर तू आहेस, हे विसरू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी 🙏