खालच्या मजल्यावरचं आकाश

बादली अजून भरू नका. झाडू भिंतीला टेकवून ठेवा आणि बाल्कनीच्या कठड्यापाशी या. घर पुण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीत आहे, तिसऱ्या मजल्यावर, असं समजू. कठड्यावरून बोट फिरवा. बोटाला लागलेली काळपट धूळ नीट पाहा. तिच्यात रस्त्याची माती आहे, शेजारच्या बांधकामाचं सिमेंट आहे, डिझेलची काजळी आहे, झिजलेल्या टायरांची भुकटी आहे. तुमच्या घरातली म्हणावी अशी फार थोडी. तरी आज ती तुमच्याकडे आली आहे, आणि इथून ती कुठे जाणार हे तुम्ही ठरवणार आहात.

आता खाली पाहा. घाई नको.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोरीवर शाळेचा पांढरा शर्ट आहे, बाळाची दुपटी आहेत. एप्रिल असेल तर कठड्याला लागून एका जुन्या साडीवर कुरडया वाळत असतील. त्यांच्यापाशी थोडं थांबा. त्यासाठी गहू तीन दिवस भिजले, रोज त्यांचं पाणी बदललं गेलं. मग ते वाटून, गाळून चीक काढला, तो रात्रभर निवळू दिला. पहाटे उठून तो घोटत शिजवला आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घातल्या. चीक घोटताना खांदे भरून येतात, हे ज्यांनी तो घोटलाय त्यांना सांगावं लागत नाही. वरून झटकलेल्या एका पायपुसण्याची धूळ एवढ्या सगळ्या कामावर पडते. झटकायला लागतात दोन क्षण. हे दोन काळ, खालच्यांचे चार दिवस आणि आपले दोन क्षण, मनात शेजारीशेजारी ठेवा आणि काही न ठरवता थोडा वेळ तसेच राहू द्या.

मग झाडू घ्या, पण आधी पाण्याचा हलका शिडकावा करा. अंगण झाडताना धुरळा उडू नये म्हणून पाणी शिंपडायची पद्धत जुनीच आहे, आणि तिच्यामागचं कारण अगदी खरं आहे. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. सर्वांत बारीक धूळ 2.5 मायक्रॉनच्याही आतली. जाड कण लगेच खाली बसतात, ही बारीक धूळ मात्र हवेत तरंगत राहते आणि वाऱ्याबरोबर कुणाच्याही खिडकीत शिरते. ओली झाली की ती फरशी धरून राहते.

झाडू कठड्याकडून दाराकडे ओढा. हात उलट जायला बघेल. कठड्याखालच्या फटीतून कचरा बाहेर ढकलला की काम झटक्यात संपतं. ती ओढ जाणवली की तिथेच हात थांबवा. रागावू नका स्वतःवर, फक्त पाहा: नजरेआड झालं म्हणजे संपलं, असं मनाला किती पटकन वाटतं. कचरा संपत नाही, तो कुणाच्या तरी दारात पोचतो. मला वाटतं, या कामात शिकण्यासारखं जे आहे ते सगळं आत ओढलेल्या या एका फटकाऱ्यात आहे. बाकी सुपली आणि कागद.

कबुतरांची विष्ठा असेल तर सुकी खरवडू नका. नाकातोंडावर मास्क बांधा, डागांवर पाणी घाला, भिजू द्या, मग कागदाने उचलून पिशवीत बांधा. सुकलेल्या विष्ठेची भुकटी वर्षानुवर्षं श्वासात जात राहिली तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते आणि पुढे ती कडक होत जातात. 2025 मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून एवढं वातावरण तापलं, त्यात हाही मुद्दा होता. ही भुकटी खाली उडाली तर पहिल्या मजल्यावर आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांच्या छातीत जाईल.

पाण्याचं तसंच. बाल्कनीच्या कोपऱ्यातली जाळी शोधा आणि तिथून पाणी कुठे जातं ते एकदा पाहून ठेवा. काही जुन्या इमारतींत भिंतीबाहेर वीतभर नळी काढलेली असते, बस. पाणी थेट खालच्यांच्या दोरीवर पडतं. बऱ्याच ठिकाणी ही जाळी पावसाच्या पाण्याच्या पाइपला जोडलेली असते, आणि ते पाणी गटारातून, नाल्यातून शेवटी मुठा नदीत जातं. म्हणून फेनाइलच्या बादल्या नकोत. अर्धी बादली पाणी, घट्ट पिळलेलं फडकं, आणि गढूळ झालेलं पाणी घरातल्या मोरीत. कुंड्यांनाही हळूहळू, माती पिईल एवढंच पाणी. खालच्या बशीत साचलेलं दर आठवड्याला ओतून टाका. डेंग्यूच्या डासाला वाढायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि तो मजले मोजत नाही.

कुंड्या सरकवू नका, उचला. घासल्याचा आवाज स्लॅबमधून खाली जातो, आणि खाली दुपारी कुणी पडलेलं असतं किंवा रात्रपाळी करून सकाळी दहाला झोपलेलं असतं.

हे सगळं अंदाजानेच करायचं का? नाही. खाली जाऊन बेल वाजवा. “काकू, बाल्कनी पुसायला घेतोय, तुमचे कपडे वाळले का? नाहीतर संध्याकाळी करतो.” सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेल्या सूचनेपेक्षा हे मला कितीतरी बरं वाटतं, कारण काकू उत्तर देऊ शकतात. त्या म्हणतील, आज कुरडया आहेत रे, उद्या कर. मग उद्या करा.

आणि चौथ्या मजल्यावरून तुमच्याच डोक्यावर पाणी आलं तर? राग येईल, येऊ द्या. तो खाली उतरवू नका, एवढंच. शांत झालात की वर जाऊन बोला. कदाचित त्यांनी अजून कधी कठड्यावरून खाली पाहिलेलं नसेल.

कठड्याची बाहेरची बाजू राहिली असेल. वाकू नका. आत उभं राहून हात सहज पोचतो तिथवर ओलं फडकं फिरवा, थेंब ओघळत नाहीत ना ते बघा, बाकीचं राहू द्या. फडकं मोरीत धुवा आणि कचऱ्याची पिशवी सकाळच्या घंटागाडीसाठी दाराच्या आत ठेवा, जिन्यात नको.