दैव पाचवे

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यापासून जीवदानीचा डोंगर फार लांब नाही. पावसाळा लागला की अशा डोंगरांच्या पायथ्याशी एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: दरड कोसळते ती देवाची करणी की माणसाची चूक? ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, जुलै २०२२ मध्ये वसईचा वाघरळपाडा, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी. दर वेळी ‘नशिबापुढे कोणाचे काय चालते’ असे म्हणून आपण हात जोडतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान (आधार), कर्ता, करणे (साधने), नाना चेष्टा (हालचाली) आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, पण त्याचा क्रमांक शेवटचा आहे. आधीच्या चारांचा हिशेब दिल्याशिवाय पाचव्याचे नाव घेणे ही श्रद्धा नव्हे, पळवाट आहे.

बर्फाच्या डोंगरांत हा हिशेब कसा मांडतात ते पाहण्यासारखे आहे. हिमस्खलनाचा अंदाज घेणारा माणूस उतारावर खड्डा खणतो, थर तपासतो, बर्फाचा एक खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवतो आणि हाताने थापा मारतो: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला कोणता थर सरकला, यावरून खालचा कच्चा थर कळतो. आपल्या सह्याद्रीतही भार वरून आणि दगा आतून असतो. पावसाचे पाणी मातीत मुरते, खालच्या कातळावर अडते. माती जड होते आणि तिची पकड सुटते. जमिनीला भेगा पडणे, झाडे-खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, या खुणा डोंगर आधी देतो.

कोणी म्हणेल, इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. मग अंदाजाचा उपयोग काय? अंदाज चुकतो हे खरे. पण बर्फातला जाणकार उतार नक्की कोसळेल असे कधी सांगतच नाही. शंका आहे तोवर तो त्यावर पाऊल टाकत नाही, इतकेच. अपुरे ज्ञान सावधपणाची सक्ती करते, त्यातून सुटका देत नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: डोंगर पोखरून बांधलेल्या चाळीत राहणाऱ्याला दुसरी जागा परवडते कुठे? त्याला दोष देणे अन्याय आहे, हे मान्यच. म्हणून जबाबदारीचा भार त्याच्यावर टाकायचा नाही. ज्याने उतार कापला, ज्याने बांधकाम चालू दिले, ज्याच्या हाती पर्यायी घर देण्याची सत्ता आहे, त्यांच्यावर टाकायचा. ज्याच्याकडे निवड आहे, तोच कर्ता. पावसाआधी उतारांची पाहणी आणि धोक्यातल्या कुटुंबांना हक्काचे घर, एवढे झाल्यावरही डोंगर खचला तर दैवाचे नाव घ्यावे; त्याआधी ते घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.