वर्गणी भरून मिळालेले भाऊ

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या बिझनेस स्कूलमध्ये सत्र सुरू झालं की पहिल्या काही आठवड्यांत एक दृश्य हमखास दिसतं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलंमुली नव्याकोऱ्या ब्लेझरमध्ये, हातात रेझुमे घेऊन एखाद्या वर्गाबाहेर ताटकळत असतात. पदवीनंतरची नोकरी अजून बरीच लांब आहे. ही मुलाखत व्यावसायिक फ्रॅटर्निटीत, म्हणजे एका पेशाच्या विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळात, शिरण्यासाठीची आहे. या भरतीला ‘रश’ म्हणतात. निवड झाली की ‘बिड’, म्हणजे सभासदत्वाचं निमंत्रण, मिळते, मग काही आठवडे ‘प्लेज’ म्हणून उमेदवारी करायची: जुन्या सभासदांना एकेक करून भेटायचं, संघटनेचा इतिहास पाठ करायचा, सरावाच्या मुलाखती द्यायच्या. शेवटी बंद दाराआड शपथ घेऊन दीक्षाविधी होतो, आणि त्यानंतर सगळे एकमेकांचे भाऊ. मुलीसुद्धा. दर सत्राला वर्गणी असतेच.

फायदा डोळ्यांसमोर ठेवून जोडलेलं नातं भावाचं होऊ शकतं का, हा प्रश्न त्या रांगेतल्या मुलांना कुणी विचारत नाही. तो विचारण्याजोगा आहे, कारण या संघटनांची सुरुवात नेमकी उलट्या क्रमानं झाली होती.

न्यूयॉर्क विद्यापीठानं 1900 मध्ये वाणिज्य, हिशेब आणि वित्त यांचं स्वतंत्र महाविद्यालय काढलं. तिथले पुष्कळ विद्यार्थी दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गांना येत. त्यांतले चौघे ब्रुकलिनचे. वर्ग सुटला की रात्री ब्रुकलिन ब्रिजवरून गप्पा मारत ते पायी घरी जात. त्या सोबतीतून आणखी काही वर्गमित्र जोडले गेले आणि 1904 मध्ये ‘अल्फा कापा साय’ उभी राहिली. व्यवसाय-शिक्षणातली ही सगळ्यांत जुनी फ्रॅटर्निटी. तीनच वर्षांनी, 1907 मध्ये, त्याच महाविद्यालयात ‘डेल्टा सिग्मा पाय’ निघाली. चौघांच्या बाबतीत मैत्री आधी झाली, संस्था मागून आली. आज संस्था आधी भेटते आणि मैत्री पुढे होईल असं आश्वासन मिळतं.

ॲरिस्टॉटलनं ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या आठव्या भागात मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, आनंदाची आणि सद्गुणाची. उपयोगाच्या मैत्रीला त्यानं कमी लेखलं, पण खोटं ठरवलं नाही. त्याचं खरं निरीक्षण पुढे आहे. तक्रारी आणि भांडणं मुख्यतः उपयोगाच्या मैत्रीत होतात, आणि तीही विशेषकरून एका भावनेनं सुरू झालेलं नातं दुसऱ्याच हिशेबानं मोडलं जातं तेव्हा. द्रोण आणि द्रुपदाची गोष्ट याहून वेगळी काय आहे? दोघे आश्रमातले सहाध्यायी. राज्य मिळालं की ते तुझंही, असा द्रुपदाचा शब्द. पुढे दारिद्र्यानं गांजलेला द्रोण जुना सखा म्हणून दारी आला, तेव्हा राजा झालेल्या द्रुपदानं त्याला सुनावलं की मैत्री बरोबरीच्यांत होते आणि आपली होती ती कामापुरती होती. आधीपासूनच कामापुरती आहे असं ठरलं असतं, तर द्रोण रिकाम्या हातानं परतला असता. सूडानं पेटून परतला नसता. ‘आयुष्यभराचे भाऊ’ असं म्हणत मुलांना बोलावणाऱ्या फ्रॅटर्निटीच्या प्रत्येक चॅप्टरनं, म्हणजे शाखेनं, आदिपर्वातला हा प्रसंग मनावर घ्यावा, इतका तो त्यांचा आहे.

फ्रॅटर्निटी म्हणजे कुटुंब की पेशा, हा प्रश्न अमेरिकन कायद्यापुढेही आला. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा 1972 चा. दोन वर्षांनी झालेल्या दुरुस्तीनं सामाजिक फ्रॅटर्निटींना सूट मिळाली. एकत्र राहणाऱ्या मुलांनी सोबती कोण निवडावे यात सरकार पडलं नाही. व्यावसायिक फ्रॅटर्निटींना ती सूट मिळाली नाही. ‘डेल्टा सिग्मा पाय’नं 1975 मध्ये आणि ‘अल्फा कापा साय’नं 1976 मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला. पोटापाण्याच्या वाटेवरचं दार अर्ध्या जगाला बंद ठेवायचं आणि त्याला घरगुती मामला म्हणायचं, हे चालू दिलं गेलं नाही. ते योग्यच झालं.

नोकरीसाठी इतकं घट्ट नातं लागतं का? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 च्या गाजलेल्या निबंधात दाखवलं की नोकरीची खबर बहुधा जिवलगांकडून येत नाही, जुजबी ओळखीच्या माणसाकडून येते. जिवलगांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. म्हणजे व्यवसायासाठी हस्तांदोलन पुरतं. शपथेची ओढ वेगळ्याच भुकेतून येते. हजारोंच्या विद्यापीठात, घरापासून शेकडो मैल दूर, आपलं नाव घेऊन हाक मारणारं कुणीतरी हवं असतं. अमेरिकेतल्याच एडिसन किंवा सॅन होजेच्या मराठी घरातून आलेल्या मुलीलाही ते हवं असतं. ही भूक लाजिरवाणी नाही; उलट रेझुमेपेक्षा जास्त आदरानं तिच्याकडे पाहायला हवं.

शपथेचा प्रश्न मात्र धर्माच्या अंगानं अमेरिकेत फार जुना आहे. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात शपथच घेऊ नका असं सांगितलं आहे, म्हणून क्वेकर पंथाचे ख्रिस्ती न्यायालयातही शपथ घेत नसत. शपथेसोबत गुप्ततेचाही प्रश्न आला. 1776 मध्ये स्थापन झालेली ‘फाय बीटा कापा’ मूळची गुप्त विद्यार्थी संघटना. फ्रीमेसन या गुप्त मंडळाची गुपितं फोडायला निघालेला विल्यम मॉर्गन 1826 मध्ये नाहीसा झाला, देशभर गुप्त मंडळांविरुद्ध संताप उसळला, आणि त्या वातावरणात हार्वर्डच्या शाखेनं 1831 मध्ये गुप्तता सोडली. ती सोडूनही संघटना टिकली, मानाचीच राहिली. आजच्या व्यावसायिक फ्रॅटर्निटींचे विधी अजूनही सभासदांपुरते राखलेले आहेत. ज्या वचनाचे शब्द आधी वाचायला मिळत नाहीत ते द्यायला श्रद्धावान माणूस कचरला, तर त्याला भित्रा समजणं अन्यायाचं आहे.

म्हणून रांगेतल्या उमेदवारानं आपली मुलाखत चालू असताना उलटही काही विचारावं. गेल्या वर्षी ज्याला वर्गणी परवडली नाही त्याचं काय झालं? ज्या भावाला कुठेच नोकरी लागली नाही त्याला अजून कोण फोन करतं? बिड न मिळालेल्यांशी वर्गात कुणी बोलतं का? एखादं नाव, एखादी घडलेली गोष्ट चटकन सांगता येते असे चॅप्टरही असतात, आणि तिथे वर्गणी भरायला हरकत नाही. काही ठिकाणी या प्रश्नांमुळे बिड हुकेलही. तरी ते दीक्षेच्या आधीच विचारायचे आहेत.