मैदानावरचा अधिकार

आज सत्ता किंवा हक्क या अर्थी वापरला जाणारा ‘अधिकार’ हा शब्द दर्शनग्रंथांत एखादे कर्म करण्याची अथवा ज्ञान मिळवण्याची पात्रता या अर्थी येतो, आणि ही पात्रता जन्माने ठरते की गुणाने, हा प्रश्न फार जुना आहे. ब्रह्मसूत्रांतील ‘अपशूद्राधिकरण’ या प्रकरणावर भाष्य करताना शंकराचार्यांनी शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला, इतिहास-पुराणांच्या वाटेने ज्ञान मिळण्याची मुभा मात्र ठेवली; म्हणजे दार बंद केले तरी खिडकी उघडी राहिली.

खेळाच्या मैदानावर हाच प्रश्न उघडपणे उभा राहिला तो क्रिकेटपटू पालवणकर बाळू (१८७६–१९५५) यांच्या निमित्ताने. चांभार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर खेळपट्टी तयार करणे, जाळी लावणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे ही कामे करीत. फलंदाजी हा साहेबांचा मान असल्याने त्यांच्या हाती चेंडूच राहिला. डावखुऱ्या फिरकीमुळेच त्यांना हिंदूंच्या संघात घ्यावे लागले. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा बाळू त्या संघात होते, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्याआधी काही वर्षे इंग्लंडमधल्या फुटबॉलमध्ये, आजच्या घानातील आक्रा येथे जन्मलेला कृष्णवर्णीय गोलरक्षक आर्थर व्हार्टन प्रेस्टन आणि शेफील्डकडून खेळून गेला होता. पुढे तो कोळशाच्या खाणीत राबला आणि १९३० मध्ये वारल्यावर त्याच्या थडग्यावर १९९७ पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

बाळूंच्या बाबतीत विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. सुरुवातीच्या काळात पुण्यात त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत झेलत असत, परंतु चहाच्या वेळी बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई. विटाळ, म्हणजे स्पर्शाने लागणारी अशुद्धी, हा पदार्थाचा धर्म असता तर तो चेंडूलाही लागला असता. तो चेंडूला लागत नाही आणि कपाला लागतो, याचा अर्थ इतकाच की जिथे गरज आहे तिथे तो बाजूला ठेवता येतो. 

गुणाला मिळालेला हा मान जन्माच्या अधिकारापेक्षा निःसंशय बरा, तरीही तो अधिकारच राहतो: दारावर पहारेकरी तोच असतो, फक्त विचारायचा प्रश्न बदललेला असतो. रोज बळी घेऊन दाखवावे लागते, आणि ज्याच्या बोटांत फिरकी नाही अशा बाळूंच्या सामान्य जातभाईला त्या दारातून काहीच मिळत नाही. या ठिकाणी परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या, शूद्र मानल्या गेलेल्या घरात जन्मलेल्या आणि संत नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेल्या जनाबाईंची परंपरा अधिक खोल जाते. तिथे पात्रतेची परीक्षाच नाही. देव स्वतः जात्याशी येऊन दळू लागतो, असे वारकरी मानतात. मात्र ही समता चंद्रभागेच्या वाळवंटापुरती राहिली, हेही खरे, कारण अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या पायरीपाशीच आहे.

मैदानालाही अशी पायरी होती आणि ती कर्णधारपदाची होती. बाळू ज्येष्ठ असूनही ते पद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये बाळूंना वगळून त्यांचे बंधू विठ्ठल यांचाही हक्क डावलला गेला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले, त्या वेळी बाळूंची सत्तेचाळिशी आली होती, आणि साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडण्यास अजून २४ वर्षे जायची होती.