टॉर्चभोवतीची वर्तुळं

काळी गाडी घेऊ नकोस, असं मला घरच्या-दारच्या सगळ्यांनी सांगितलं होतं. पुण्यात कुठे ना कुठे रस्ता खणलेला असतो, नाहीतर शेजारी इमारत उभी राहत असते. अशा गावात काळी गाडी म्हणजे रोजची धूळ. तरी मी घेतलीच. सावलीत ती अजूनही छान दिसते. उन्हात मात्र, आणि रात्री पेट्रोलपंपाच्या पांढऱ्या दिव्यांखाली तर जास्तच, बॉनेटवर बारीक रेघांचं जाळं दिसायचं. गोल गोल, एकात एक, कोळ्याने विणल्यासारखं. गाड्यांच्या रंगाचं काम करणारे याला स्वर्ल मार्क म्हणतात. गाडी घेऊन चार वर्षं झाली तेव्हा मला ते पहिल्यांदा नीट दिसले, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेनाच.

आमच्या सोसायटीत तेव्हा एक मामा गाड्या पुसायला यायचे. सगळेच त्यांना मामा म्हणत. पहाटे साडेपाचला यायचे, आठच्या आत बावीस गाड्या पुसून पुढच्या सोसायटीत जायचे. महिन्याला गाडीमागे पाचशे रुपये. एका पहाटे मी मुद्दाम लवकर उठून टॉर्च घेऊन खाली गेलो. बॉनेटवर उजेड टाकला आणि त्यांना बोलावलं.

"मामा, तुम्ही गोल गोल फडकं फिरवता का?"

"नाय साहेब. सरळ पुसतो. हे असं, मागून पुढं."

"मग ही वर्तुळं कुठून आली?"

मामांनी वाकून बघितलं. वर्तुळं स्पष्ट दिसत होती. ते काहीच बोलले नाहीत. मी म्हटलं, उद्यापासून माझी गाडी राहू द्या. ते "बरं" म्हणाले आणि बादली उचलून शेजारच्या गाडीकडे गेले. पुढच्या दोन महिन्यांत आणखी तीन-चार जणांनी त्यांना बंद केलं. मी कोणाला बंद करा असं सांगितलं नव्हतं. फक्त टॉर्च दाखवला होता.

गेल्या वर्षी एका मित्राच्या मुलाने गाड्यांच्या डिटेलिंगचा व्यवसाय सुरू केला. जुन्या गॅरेजमध्ये ज्याला 'रबिंग-पॉलिश' म्हणतात, त्याचीच ही शिकून-सवरून पुढे गेलेली आवृत्ती. त्याने मला मशीन वापरायला शिकवलं आणि दोन रविवार मी पार्किंगमध्ये गाडीशी झटत बसलो. पन्नाशीनंतर हाताने काही नवीन शिकण्यात मजा असते, हे खरं. पण मला सांगायचंय ते त्या दोन रविवारांत काय कळलं ते.

आधी गाडी धुवायची. मग चिकणमातीच्या गोळ्यासारखी क्ले फिरवून रंगाला चिकटलेली कीट उचलायची. रबरी पट्ट्या आणि कडा मास्किंग टेपने झाकायच्या, कारण कडांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि मशीन तिथेच घात करतं. मग त्या मुलाने एक छोटं उपकरण पत्र्यावर टेकवलं. रंगाची जाडी मोजायचं. बॉनेटवर आकडा आला 112. म्हणजे 112 मायक्रॉन, मिलिमीटरचा नववा हिस्सा. त्यात प्रायमर, मूळ रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट, सगळं आलं. क्लिअर कोट साधारण 40 मायक्रॉनच्या आसपास असतो. आपला केस त्याहून जाड असतो. गाडीची सगळी झळाळी एवढ्याशा थरात असते आणि स्वर्ल मार्कही त्याच थरात असतात. खालचा काळा रंग शाबूत असतो.

मला वाटत होतं की पॉलिश म्हणजे ओरखडा भरून काढणं. तसं नसतं. ओरखडा ही एक बारीक चर असते. ती घालवायची तर तिच्या आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग झिजवून चरीच्या तळापर्यंत खाली आणायचा. एकदा पॉलिश केलं की दोन-तीन मायक्रॉन कायमचे जातात. ऊन सोसण्यासाठी त्या थरात जे मिसळलेलं असतं तेही त्यांच्याबरोबर जातं. म्हणून हे आयुष्यात दोन-चारदाच करायचं. नखाला अडकेल इतका खोल ओरखडा असेल, तर तो पूर्ण घालवायच्या नादी लागायचं नाही, त्याच्या कडा बोथट करून सोडून द्यायचं.

भरून काढणारी द्रव्यंही मिळतात. तेलकट असतात, चरीत बसतात, उजेड सरळ परततो आणि गाडी नवी दिसते. जुनी गाडी विकण्याआधी लोक हेच करतात. महिन्याभरात चार धुण्यांत सगळं परत उघडं पडतं, पण तोवर गाडी दुसऱ्याची झालेली असते. पॉलिशमध्येही तेल असतंच, त्यामुळे आपण खरंच ओरखडा काढला की नुसता झाकला, हे करणाऱ्यालाही लगेच कळत नाही. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघावं लागतं. मी पहिल्यांदा पुसलं तेव्हा निम्मे ओरखडे परत आले होते आणि मला आपलीच चोरी पकडल्यासारखं झालं.

मशीन दोन प्रकारचं असतं. एक सरळ एका आसाभोवती फिरतं. ते झपाट्याने कापतं, तापतं आणि अननुभवी हातात रंग जाळतं किंवा स्वतःच्याच फिरण्याच्या खुणा सोडून जातं. दुसरं फिरता फिरता थोडं बाजूलाही झोकांड्या खातं, त्यामुळे एकाच जागी एकाच दिशेने घासलं जात नाही. नवशिक्याला हेच देतात. दीड-दोन फुटांचा चौकोन घ्यायचा, आधी आडवं, मग उभं, घाई न करता. चारेक फेऱ्या झाल्या की पुसायचं आणि टॉर्च मारून बघायचं.

आणि इथेच ते झालं. बॉनेटचा अर्धा भाग टेपच्या अलीकडे झाला होता, अर्धा पलीकडे जुना होता. मी जुन्या भागावर टॉर्च धरला. वर्तुळं दिसली. टॉर्च डावीकडे सरकवला, तर वर्तुळंही डावीकडे सरकली. उजवीकडे नेला, तीही आली. मी टॉर्च स्थिर ठेवून डोकं हलवलं, तर ती डोक्याबरोबर फिरली. बॉनेटवर ती कुठेच नव्हती. ज्या जागी टॉर्चचं प्रतिबिंब पडे, त्या जागेला वेढा घालून ती उभी राहत.

"अरे, हे हलतंय," मी म्हटलं.

"हो काका," तो म्हणाला, "हे असंच असतं. ओरखडे सगळीकडे सगळ्या दिशांना असतात. दिव्याला आडवे असतात तेवढेच चमकतात."

मग घरी येऊन कागदावर रेघा मारत बसलो. सरळ बारीक चर उजेड फेकते तो आपल्या दोन्ही बाजूंना, स्वतःच्या लांबीशी काटकोनात. हजारो चरा वेड्यावाकड्या पसरलेल्या असल्या, तर त्यांतल्या ज्या दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडव्या पडलेल्या असतात त्यांचाच उजेड आपल्या डोळ्यात येतो. बाकीच्या असतात, पण दिसत नाहीत. दिसणारे तुकडे एकमेकांना जोडून डोळा वर्तुळ पुरं करतो. पटत नसेल तर रात्री जुन्या, ओरखडलेल्या काचेचं हेल्मेट घालून समोरून येणाऱ्या दिव्याकडे बघा. तिथेही तो दिवा वर्तुळांच्या मधोमध बसलेला दिसेल. हेल्मेटची काच कोणी गोल गोल पुसलेली नसते. ती शर्टाच्या बाहीने, हाताला येईल तशी पुसलेली असते.

म्हणजे मामा सरळ पुसत असतील, तरी माझ्या टॉर्चखाली वर्तुळंच दिसली असती. त्या पहाटे ते खरं बोलत होते. मी त्यांच्यासमोर जो पुरावा धरला होता तो मीच, माझ्याच हातातल्या उजेडाने, त्या क्षणी तयार केला होता.

जॉर्ज इलियटने 'मिडलमार्च' या कादंबरीत (1871-72) नेमकं हेच उदाहरण वापरलंय. मोलकरणीने वर्षानुवर्षं पुसलेल्या मोठ्या आरशासमोर मेणबत्ती धरली की सगळे ओरखडे तिच्याभोवती फेर धरल्यासारखे दिसतात, आणि ती मेणबत्ती म्हणजे माणसाचा अहं, असं ती म्हणते. मी ते कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं. टॉर्च हातात असताना आठवलं नाही. शिवाय त्या आरशाच्या गोष्टीत पुसणारी मोलकरीण नुसती येऊन जाते. मला आता तिच्याबद्दल जास्त जाणून घ्यावंसं वाटतं.

आपल्याकडचं दोरी आणि सापाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. अंधारात दोरी साप वाटते, दिवा आणला की साप जातो. वेदान्तावरच्या प्रत्येक व्याख्यानात ते येतं आणि ऐकणाऱ्याचा समज असा होतो की भ्रम अंधारात असतो आणि उजेड सत्याच्या बाजूचा असतो. माझ्या बॉनेटवर उलट होतं. सावलीत वर्तुळं नव्हती. दिवा आणल्यावर ती आली. आणि दिवा मी आणला होता म्हणून मला स्वतःबद्दल जरा जास्तच खात्री होती. मी काही ऐकीव गोष्टीवर बोलत नव्हतो, पहाटे उठून, प्रत्यक्ष बघून बोलत होतो! अंधारात चुकणारा माणूस निदान थोडा घाबरलेला असतो. टॉर्चवाल्याला ती भीती नसते.

पण गोष्ट इतकी सरळ नाही, आणि ती सरळ करून स्वतःला सुटसुटीत अपराधी ठरवण्याचा मोह मला टाळायचाय. वर्तुळं खोटी असली तरी ओरखडे खरे होते. ते कोणीतरी पाडले होते. एका फडक्याने बावीस गाड्या पुसल्या की पहिल्या गाडीची धूळ बाविसाव्या गाडीवर घासली जाते, आणि बांधकामाच्या धुळीत सिलिका असते, ती क्लिअर कोटहून कठीण. तेव्हा त्यातले बरेच ओरखडे मामांच्या हातून पडले असणार. म्हणजे पुरावा खोटा होता आणि आरोप बहुधा खरा होता. अशा वेळी माझी चूक नेमकी कोणती? निकाल बरोबर निघाला म्हणून न्याय झाला असं म्हणता येईल का? मला तसं म्हणवत नाही. त्यांनी मला एक खरी गोष्ट सांगितली होती, मी ती खोटी ठरवली, आणि त्यांना उत्तर देता येणार नाही अशा प्रश्नाने गप्प केलं. ओरखडे कोणाचेही असोत, त्या गप्प करण्याचा हिशोब वेगळाच राहतो.

आणि ओरखडे फक्त त्यांचे होते असंही नाही. रविवारी कोरड्या फडक्याने धूळ झटकणारा मी होतो. वाऱ्यावर फडफडणारं कव्हर घालणारा मीच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या काळात मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले तेव्हा गाड्या पुसणाऱ्यांनी रोज दोनच बादल्या पाणी वापरावं, अशी सूचना लिफ्टशेजारी लावली होती. खाली सही माझी होती. ओरखडा न पाडता गाडी धुवायची तर आधी भरपूर पाणी मारून धूळ सैल करायची, मग साबणाची एक बादली आणि फडकं खळबळायला दुसरी. मी आता मोजून करतो, मला तीन बादल्या लागतात. मामांना बावीस गाड्यांना मिळून दोन मिळत होत्या. वेळ अडीच तास, म्हणजे गाडीमागे सात मिनिटंसुद्धा नाहीत. एवढ्या पाण्यात आणि एवढ्या वेळात ओरखडा न पाडता काळी गाडी पुसणारा माणूस जगात नसेल. पाणी खरंच नव्हतं, ती सूचना चुकीची होती असं आजही म्हणणार नाही. पण मग त्या उन्हाळ्यात गाड्या धुळीच्या राहू द्यायला हव्या होत्या. आम्हाला पाणीही वाचवायचं होतं आणि चकाचक गाडीही हवी होती. या दोहोंमधली जी काही तूट होती ती त्या फडक्यातून बॉनेटवर उतरत होती.

गाडी दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पूर्ण झाली. बॉनेटचा आकडा 109 आला. तीन मायक्रॉन गेले. पेट्रोलपंपाच्या दिव्यांखाली आता फक्त दिवे दिसतात.

मामांना शोधायला वेळ लागला नाही. दोन गल्ल्या सोडून एका सोसायटीत ते अजून येतात, वॉचमनने सांगितलं. खिशात पाकीट घेऊन निघालो होतो, पण वाटेत वाटलं की पैसे देणं म्हणजे तेल चोपडणं आहे, आणि ते खिशातच राहिलं. योग्य केलं की नाही, ठरवता येत नाही. पाकीट घरी ठेवून मी हात झटकले असते तर मामांचं काय बरं झालं असतं?

ते एका पांढऱ्या गाडीपाशी होते. मी म्हटलं, मामा, तुम्ही सरळच पुसत होता, माझं चुकलं. त्यांना संदर्भ लागेना. मग शेजारच्या एका काळ्या गाडीवर मी मोबाइलचा उजेड टाकला आणि तो हलवून दाखवला. वर्तुळं हलली. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, स्वतः दोनदा इकडे-तिकडे केला.

"म्हंजी बॅटरी माझ्या हातात आली की माझ्याभोवती?"

"हो."

ते हसले. मोबाइल परत दिला. "तुमची गाडी आता कोण पुसतंय?"

"मीच. रविवारी."

"आठवड्यातनं एकदाच ना? मग बरोबर हाय. रोज पुसली की रंग मरतोच, साहेब. काळ्याचा तर लवकर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वीस वर्सं पुसतोय," ते म्हणाले. "पर रोज पुसू नका म्हणलो असतो, तर महिना कुणी दिला असता?"

बादलीतलं पाणी काळं झालं होतं. त्यांनी फडकं त्यातच बुडवून पिळलं आणि ते पुढच्या गाडीकडे गेले.